एकशे दहा अंशांवर वाळवलेली लाल माती

जगातली सगळी माती दोन इंग्रजी अक्षरांत बसते, हे मला कॉलेजात शिकवलं गेलं आणि मी ते लगेच खरं मानलं. पहिलं अक्षर माती कोण आहे ते सांगतं, दुसरं तिचा स्वभाव. सी म्हणजे चिकणमाती, एम म्हणजे पोयटा. एच म्हणजे पाणी मिळालं की फार चिकट होणारी, आय म्हणजे मध्यम, एल म्हणजे बिचारी गरीब स्वभावाची. ही दोन अक्षरं कळली की तिच्यावर काय बांधायचं आणि काय नाही, ते इंजिनिअर ठरवतो. आपल्याकडे लग्न जुळवायला छत्तीस गुण बघतात. टॉवर आणि जमीन यांचं दोन अक्षरांत उरकतं.

ही पद्धत ज्यांनी काढली त्यांच्या देशात बर्फ पडतो. त्यांची माती हिवाळाभर गोठून शहाण्या मुलासारखी पडून असते. आमच्याकडची माती लाखो वर्षं उन्हात भाजलेली आणि पावसात भिजलेली. तिच्यातलं निम्मं वाहून गेलेलं, उरलेलं लाल झालेलं. ती त्यांच्या तक्त्यात नीट बसत नाही, अशी कबुली आमच्या पुस्तकातच होती. 'उष्ण कटिबंधातील माती : विशेष सूचना' असा एक धडा होता. पण तो शेवटचा, आणि शेवटच्या धड्यावर परीक्षेत प्रश्न येत नसे. त्यामुळे अर्ध्या जगाची माती आम्ही ऑप्शनला टाकली होती. मी पहिल्या वर्गात पास झाले.

त्या पहिल्या वर्गाच्या जोरावर मी परळच्या एका माती तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागले. एका बंद गिरणीच्या आवारात जे दोनचार गाळे पाडायचे राहिले होते, त्यांतल्या एकात ही लॅब होती. आजूबाजूला काचेचे टॉवर. त्या टॉवरांच्या पायाची माती तपासणाऱ्या आमच्या लॅबची स्वतःची भिंत जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ओली असायची. मालक म्हणजे आमचे सर. एका कॉलेजातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले, राहायला शिवाजी पार्कला, सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारून मगच लॅबला येणारे. मी गिरगावची, चाळीत वाढलेली, पण ते कोणाला कळू नये म्हणून पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून गेले. लॅबमध्ये तसा कोट दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. आठवड्यात तो मुरमाच्या रंगाचा झाला आणि मी तो खुंटीला टांगला तो कायमचा.

लॅब खऱ्या अर्थानं चालवायचे ते काका. लालबागच्या चाळीत जन्मलेले, वडील गिरणीत, मूळ गाव मालवणच्या बाजूला. ऐन तरुणपणी लॅबमध्ये सामान उचलायला आले आणि तीसेक वर्षांत एकेक करून सगळं शिकले. मातीच्या गोणी आल्या की माझ्या आधी ते बसायचे. मूठभर गोळा घ्यायचा, पाण्याचा हात लावायचा, तळहातावर शेवई वळायची, ती तुटते की लांबते ते बघायचं. मग चिमूटभर दातांखाली. कचकच लागली तर पोयटा, लोण्यासारखी गेली तर चिकणमाती.

"काका, वडाळ्याची माती आहे ती. तिथं खाडीत लोक काय काय सोडतात, ठाऊक आहे ना?" मी एकदा म्हटलं.

"म्हणून तर वडाळ्याची खात नाय, मॅडम. नुसता वास घेतो."

नमुन्यांच्या वहीत जिथं मी दोन अक्षरं लिहायचे, तिथं समासात काका पेन्सिलीनं स्वतःचा वर्ग लिहायचे. 'घावनाचं पीठ' म्हणजे पोयटा. 'रवा' म्हणजे बारीक वाळू. 'पुरण' म्हणजे चिकट, पाणी धरून बसणारी चिकणमाती. आणि 'शिळा भात' म्हणजे जिच्यावर घर बांधणाऱ्याला देव तारो. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग नव्वद टक्के जुळायचा. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा. मी दोन वर्षं रात्री जागून जे शिकले ते हा माणूस डब्याच्या पदार्थांवरून ओळखतो, हे कोणाला आवडेल? मी खोडरबर घेऊन समास पुसायचे. दुसऱ्या दिवशी नवीन गोणी आली की पुन्हा पेन्सिल.

लॅबमध्ये ओव्हन एकच होता. माती वाळवायचा, माणूसभर उंच, आतून स्टीलचा. त्याच्या दारावर सरांनी सही-शिक्क्यानिशी कागद चिकटवला होता : 'या ओव्हनमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' तो कागद रोज साडेबाराला आम्ही हलक्या हातानं धरायचो, म्हणजे दार उघडताना फाटू नये. मग आत वरच्या फळीवर पाच डबे जायचे. सरांचा डबा मधोमध. मातीच्या फॉर्मवर एक रकाना असतो : सेंद्रिय पदार्थाचा वास येतो का? खाडीच्या गाळाच्या एका रिपोर्टात मी 'वास तीव्र' असं लिहिलं होतं. तो वास खाडीचा होता की कोणाच्या डब्यातल्या सुकटीचा, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही. त्या गाळावर आता गोदाम उभं आहे.

या ओव्हनची एक वही होती आणि ती काकांची. दर तासाला काट्यावरचं तापमान लिहायचं, एवढंच काम. पण काका सगळंच लिहायचे, वेळेसकट. '११.१० लाईट गेली. ११.२५ आली.' '२.०० सर झोपले.' ती वही कधी कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी दिवाळीत काका निवृत्त होणार होते. सरांनी त्यांना शब्द दिला होता की पुढे दोन वर्षं ठेवून घेतो, रोज या. काकांसाठी हा शब्द किती मोठा होता ते त्यांनी मला एकदा शेवई वळता वळता सांगितलं होतं. लालबागला त्यांची एकच खोली, वर पोटमाळा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सकाळी जातो तो रात्रीच येतो. सुनेचं ऑफिस कोरोनापासून घरातच आलं ते परत गेलंच नाही. साडेनवाला तिच्या मीटिंगा सुरू होतात. तिच्या मागे दोरीवर स्वच्छ चादर टांगलेली असते, म्हणजे पलीकडच्या लोकांना भांडी दिसू नयेत.

"चादरीच्या मागे मी," काका हसत म्हणाले. "खोकला आला की सून गुपचूप बटण दाबते. कधी बोलत नाय हो. चांगली आहे पोरगी. पण माणसानं दिवसभर खोकला दाबून किती बसायचं?"

म्हणून लॅबमधलं ते लाकडी स्टूल. "दोन वर्षं मिळाली की सुटलो," ते म्हणाले. "तोवर काय तरी होईल." दुसऱ्या कोणाला निवृत्तीनंतर केदारनाथ हवं असतं, काकांना दिवसा बसायला एक स्टूल हवं होतं. मी मान डोलावली आणि समास पुसला.

जुलैत गिरगावची लाल माती आली. आमच्या घरापासून फार लांब नाही अशी, टेकडीच्या पायथ्याला एक चाळ. चाळीच्या मागे दगडी भिंत आणि त्या भिंतीला पोट आलेलं. भिंत उतरवून नवी बांधायची होती. प्रश्न एवढाच होता की टेकडीतून निघालेली लाल मातीच नव्या भिंतीमागे भरायची, की बाहेरून खडी आणून भरायची. माती पाणी धरून बसणारी निघाली, तर पावसाळ्यात फुगून भिंतीला ढकलणार, आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला मागच्या खोल्यांतली माणसं झोपलेली. गोणीचं तोंड सोडल्या सोडल्या काकांनी गोळा हातात घेतला.

"मेली पुरण आहे, मॅडम. अस्सल. ही भरू नका म्हणावं."

मी म्हटलं, "ते टेस्ट सांगेल."

सर स्वतः येऊन सांगून गेले. ही माती नेहमीसारखी भाजायची नाही. नेहमीची माती आम्ही एकशे दहा अंशांवर वाळवतो, ही पन्नासच्या वर न्यायची नाही. हिच्या कणांच्या आत पाणी असतं. ते जास्त आचेवर उडालं की बारीक कण एकमेकांना चिकटून जाडे होतात, आणि नंतर कितीही पाणी घाला, पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. अंडं उकडल्यावर परत कच्चं होत नाही, तसंच.

"शेवटचा धडा वाचलायस ना?" सरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हटलं.

खरं तर नुसतं वाऱ्यावर वाळवायला हवं होतं. पण जुलैत परळला वाऱ्यावर रुमालसुद्धा वाळत नाही. म्हणून ट्रे ओव्हनमध्ये ठेवला, काटा पन्नासवर.

आता पन्नास अंशांवर माती वाळते, पण आईच्या हातचं वालाचं बिरडं गरम होत नाही. दोन दिवस मी कोमट बिरडं खाल्लं. विज्ञानासाठी लोकांनी प्राण दिलेत, मी दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी बारा-चाळीसला लॅबमध्ये कोणी नाही असं बघून मी काटा फिरवला आणि एकशे दहावर नेला. दहाच मिनिटं, असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात दादरच्या एका साइटवरून फोन आला, खड्ड्यात पाणी भरलंय, लगेच या. मी छत्री घेतली आणि गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा माझा डबा टेबलावर होता. बिरडं करपून डब्याला धरलेलं. काकांच्या बोटाला पट्टी होती.

"कडी तापली होती," ते म्हणाले. "डबा मी बाहेर काढून ठेवला, मॅडम."

मी थकले होते, भिजले होते. थँक्यू म्हटलं आणि घरी गेले. ओव्हनकडे बघितलंही नाही. सकाळी येऊन बघते तर काटा एकशे दहावरच, रात्रभर. मी तो हळूच पन्नासवर आणला. त्या क्षणी मला नीट कळलं होतं की हा नमुना फुकट गेला. विसरले असं म्हणायची सोय मला नाही. पण गोणीतून नवा नमुना काढायचा म्हणजे आणखी चार दिवस, आणि सरांना कारण सांगायचं म्हणजे बिरडं सांगायचं. मी मनात म्हटलं, बाकीच्या जगाची माती एकशे दहावर भाजतात, हिलाच काय सोनं लागलंय?

टेस्ट केली. पितळी वाटीत मातीचा लगदा घालून ठोके मोजले, काचेवर शेवया वळल्या. माती इतकी गुणी झाली होती की विचारू नका. शेवई तीन मिलिमीटरला यायच्या आत तुटत होती. तक्त्यावर बिंदू मांडला तो चिकणमाती आणि पोयटा वेगळे करणाऱ्या तिरक्या रेषेच्या खाली पडला : एमआय, मध्यम स्वभावाचा पोयटा, भरायला हरकत नाही. मी सही केली. समासात काकांचं 'पुरण' होतं. ते सरांच्या देखत पुसून मी म्हटलं, "काका, आता विज्ञानाचे दिवस आहेत. चवीनं माती ओळखायचे दिवस गेले." सर हसले. काकाही हसले.

आठ दिवसांनी भिंतीच्या इंजिनिअरचं पत्र आलं. सभ्य भाषेत त्यानं विचारलं होतं की साइटवर ही माती बुटाला चिकटून निघत नाही आणि तुमच्या लॅबमध्ये ती पोयटा होते, हा चमत्कार कसा घडतो ते कृपया कळवावं.

सर पत्र घेऊन ओव्हनपाशी आले. आम्ही दोघं तिथंच होतो, काका स्टुलावर, मी नमुन्यांच्या वहीपाशी. सरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. हा नमुना भाजला गेलाय, त्यांनी तक्ता बघूनच ओळखलं होतं.

"काटा कोणी वाढवला?"

मी वहीचं पान उलटलं. त्या पानावर काहीच नव्हतं, तरी मी ते वाचत राहिले. भिंतीवरचा पंखा डावीकडून उजवीकडे गेला, परत डावीकडे आला. काका काही बोलले नाहीत. किती वेळ बोलले नाहीत ते मला सांगता येणार नाही, पण पंखा तीनदा तरी गेला आणि आला.

मग काका म्हणाले, "माझ्याच हातून झालं असेल, सर. डबे गरम करताना."

"ओव्हनची वही कुठाय?"

"त्या दिवशी लिहायचं राहिलं."

काकांचं लिहायचं राहिलं, हे सरांना पटायला नको होतं. लाईट गेल्याची मिनिटं मोजणारा माणूस तो. पण दारावरचा सही-शिक्क्याचा कागद, आत मधोमध स्वतःचा डबा, हे सगळं आठवूनच की काय, सरांनी पुढे चौकशी केली नाही. वय झालं की असं होतं, एवढंच म्हणाले. आणि मी? मी गोणीतून नवीन नमुना काढायला वाकले. फार मन लावून काम करत होते मी त्या दिवशी.

या वेळी माती अजिबात न वाळवता, आली तशी ओली तपासली. सीएच. अतिशय चिकट चिकणमाती. पुरण. चाळीमागची भिंत खडी भरून बांधली गेली आणि आज ती ताठ उभी आहे, मी जाता येता बघते. सुधारित रिपोर्ट वेळेत दिल्याबद्दल इंजिनिअरनं माझ्या नावानं आभाराचं पत्र पाठवलं. ते मी आईला वाचून दाखवलं.

दिवाळीत काकांना निरोप दिला. दोन वर्षांचा शब्द सरांनी मागे घेतला, तोही किती मायेनं. "आता तुम्हाला आरामाची गरज आहे," म्हणाले. शाल, श्रीफळ आणि सगळ्यांनी मिळून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ. ज्याला दिवस कुठं घालवायचा हा एकच प्रश्न होता, त्याला आम्ही घड्याळ दिलं. भाषण मी केलं. प्रामाणिकपणावर केलं. काकांकडून मी काय काय शिकले याची यादी सांगताना माझा आवाज भरून आला, आणि ते नाटक नव्हतं, हेच तर वाईट. मला खरंच रडू येत होतं आणि तरीही मी बोलत नव्हते, म्हणजे जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका शाल नीट घडी करून पिशवीत ठेवत होते.

त्यानंतर चार पावसाळे गेले. मी लॅबची इन-चार्ज झाले. कोणी शेवटच्या धड्याबद्दल विचारलं तर मी आता त्यावर अर्धा तास बोलू शकते, एका कॉलेजात तर त्यावर लेक्चरही दिलं. 'वाळवण्यातली चूक' असा माझा एक खास मुद्दा असतो. मुलं तो लिहून घेतात.

यंदा आम्ही डिजिटल ओव्हन घेतला. जुना भंगारात गेला आणि त्याच्या मागे, भिंतीला लागून ओव्हनची ती वही सापडली. पानं ओलीनं फुगलेली. मी त्या दिवसाचं पान काढलं. लिहायचं राहिलं नव्हतं.

'१२.४० काटा ११०. मॅडमनी वाढवला. कारण असेल.'
'१.१५ ११०. मॅडमचा डबा काढला. बोट भाजलं. काट्याला हात लावला नाही.'

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे कोणी नाही असं मला वाटलं तेव्हा काका कुठून तरी बघत होते. 'कारण असेल' हे दोन शब्द मला भाजून गेले. त्यांना माती कळत होती, पन्नासचा नियम कळत होता, काटा त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. पण मी शिकलेली. शिकलेल्या बाईनं काटा वाढवलाय म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार, असं समजून त्यांनी तो तसाच ठेवला. शास्त्र वालाचं होतं.

मी सरांना सगळं सांगितलं. आता सांगितलं, म्हणजे माझी नोकरी पक्की झाल्यावर, सरांची तब्येत उतरल्यावर, लॅब माझ्यावाचून चालणार नाही अशी खात्री झाल्यावर. माझं धाडस असं नेहमी सगळं निभावून गेलं की मग हजर होतं. सरांनी वहीचं ते पान वाचलं. मग म्हणाले, "बोलाव त्यांना परत. हातानं माती ओळखणारं माणूस आता मिळतं कुठं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच दुपारी लालबागला निघाले. पेढ्यांचा पुडा घेतला. जाताना मनात संवादही तयार केला, त्यात काकांचे डोळे पाणावणार होते.

दार काकांनीच उघडलं. खोलीत ते एकटे होते. दोरी होती, चादर नव्हती. आम्ही दिलेलं घड्याळ भिंतीवर चालू होतं. "अरे, मॅडम!" म्हणाले आणि त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. मी बसले आणि तयार केलेला संवाद विसरून सरळच सांगून टाकलं. काटा मी वाढवला होता, वही सापडली, सरांना सांगितलंय, ते तुम्हाला परत बोलावताहेत, रोज या, स्टूल तुमचंच आहे.

काकांनी चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला.

"सरांना नमस्कार सांगा," म्हणाले. "पण आता गरज नाय, मॅडम. गणपतीपासून सुनेचं ऑफिस परत चालू झालं. रोज जावं लागतं तिला. आता अख्खी खोली माझी. खोकतो, रेडिओ लावतो."

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच साधं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? वहीत लिहिलेलं होतं की सगळं."

"सांगणार होतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "सरांनी विचारलं तेव्हा थांबलो होतो जरा. म्हटलं, तुम्ही बोलाल. तुमचं तुम्ही बोललेलं बरं. मग तुम्ही वही वाचायला लागलात."

मी चहा पीत राहिले. मग माफ करा म्हटलं. ते 'असूद्या, असूद्या' म्हणाले, पाहुण्यानं कप विसळायला घेतल्यावर म्हणतात तसं.

"मग ही चार वर्षं दिवसा कुठं बसायचात?"

"सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. पोरं नेटमध्ये खेळतात, बघत बसायचं. अकरानंतर ऊन होतं, मग इथल्या वाचनालयात. पण तिथं पेपर संपला की लोक बघतात आपल्याकडे. पावसाळ्यात मात्र बेस्ट जागा होती एक." आपण शोधून काढलेली गोष्ट सांगताना माणूस जसा पुढे सरकून बसतो, तसे ते सरकले. "परळच्या हॉस्पिटलची ओपीडी. सकाळपासून बाकडी भरलेली, वर पंखा, पाणी आहे, संडास आहे. कोणी उठवत नाय. सगळ्यांना वाटतं, याचा नंबर यायचाय."

लॅबला जायच्या रस्त्यावरच ते हॉस्पिटल आहे. ओपीडीच्या खिडक्या फुटपाथकडे उघडतात. त्या फुटपाथवरून मी चार पावसाळे चालत गेले होते.

काकांच्या ते लक्षात आलं असावं. "तुम्ही दिसायचात ना," ते म्हणाले. "नऊ-वीसला. निळी छत्री. एखाद दिवस नाय दिसलात तर वाटायचं, बरं नाय की काय मॅडमना."